आतून वाजवून कळत नाही

आपल्याच घराचं दार आतून ठोठावून
ते बाहेरच्याला ऐकू जातं का, कळत नाही.
एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला
हल शहरात तीन संध्याकाळी लागल्या.

मग लॅपटॉप काखेत मारून शेजारी गेलो,
तेरा नंबरात, डोरीन हेबलव्हाइटकडे.
वाय-फायचा पासवर्ड तिने
बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय.
"काय हरवलं?"
"काही नाही. तुमच्या स्वयंपाकघरातून
माझ्या घरावर टकटक करायचीय."
तिने पेपर सरकवून टेबलाचा कोपरा मोकळा केला.

कारण विचाराल तर फार मोठं नाही.
सव्वीस वर्षं युनिव्हर्सिटीची मेलची यंत्रं राखली.
आता एक स्वतःचं, माळ्यावर, घरघरणारं.
पत्र यावं तर पेंढरकरांच्या दारात यावं,
कुणा कंपनीच्या कोठारात नको.
हौस म्हणा.

पोर्ट म्हणजे बंदर, मी तिला समजावू लागलो.
ती हेसल रोडवर जन्मलेली.
"बंदरं तू मला सांगतोस?" म्हणाली.
एका तारेवर पासष्ट हजार पाचशे पस्तीस,
त्यातली मला चार हवी होती.

बावीस : उघडं.
चारशे त्रेचाळीस : उघडं. लगेच ओ दिली.
ऐंशी : नाही म्हणालं. पण म्हणालं तरी.
पंचवीस :

पंचवीस :

स्क्रीनवरचा ठिपका लुकलुकत राहिला.
हूं नाही की चूं नाही.
बंद असतं तर बंद आहे म्हणालं असतं,
हे ताकास तूर लागू देत नव्हतं.
वाट बघायची मुदत मीच ठरवलेली, साठ सेकंद.
ती संपली. मी पुन्हा साठ दिले.

डोरीन चष्मा लावून माझ्या खांद्यामागे उभी.
"एकसष्ट साली मी एक्स्चेंजवर लागले," म्हणाली.
"नंबर गुंतलेला, नंबर वाजतोय पण घरात कुणी नाही,
आणि तारच तुटलेली. तिघांचे आवाज वेगळे.
आम्ही पोरी झोपेतसुद्धा ओळखायचो."
"आणि आवाजच नसला तर?"
"तर वरून सांगितलेलं असायचं, हा नंबर जोडू नका.
तेव्हा गप्प बसणारे
आम्हीच असायचो."

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन.
चाळीस मिनिटं पियानो, मग कीरन नावाचा पोरगा.
"घरगुती लाइनवर पंचवीस देत नाही, सर.
कचरा मेल फार जातात त्यातून.
सगळ्यांचंच बंद आहे, तुमचं एकट्याचं नाही."
आवाज नम्र, पाठ केलेला. मला ओळखीचा वाटला.
मग आठवलं.

दोन हजार तीन, ऑक्टोबर,
वसतिगृहांची पंचवीस नंबरची वाट मीच बुजवली होती,
एका हाताने, दुसऱ्या हातात अंड्याचं सँडविच.
नाकारू नका, नुसतं टाकून द्या,
असा पर्याय निवडला होता. नकार पाठवायलाही खर्च येतो.
आणि तक्रार आली तर काय सांगायचं
तेही लिहून ठेवलं होतं:
सगळ्यांचंच बंद आहे, तुमचं एकट्याचं नाही.

कीरनला थँक्यू म्हटलं. बिझनेस पॅकेज घेतलं नाही.

संध्याकाळी डबा परत द्यायला गेलो
(तिने बिस्किटं बांधून दिली होती, पासवर्डासकट),
तर म्हणाली, "आता माझ्या घरावर वाजवून बघ."
मी माझ्या जिन्यात बसून वाजवलं.
एक ते हजार.
एकालाही उत्तर नाही.

जाऊन सांगितलं, "अगदी उत्तम आहे.
बाहेरच्याला इथे घर आहे हेसुद्धा कळत नाही."
"ते मला ठाऊक आहे," डोरीन म्हणाली,
आणि दाराची पितळी कडी दाखवली,
हिरवी पडलेली.
"ही वाजवत जा. जरा जोरात.
मी मागच्या खोलीत असते."